एक माणूस, एक कॅमेरा

खोक्यातून नवा कॅमेरा काढून पलंगावर ठेवला आणि माझा हात आपणहून पुन्हा खोक्यात गेला. दुसरा काढायला. बोटं तळाच्या पुठ्ठ्यावर फिरली, कोपऱ्यातली ओल शोषणारी पुडी चुरचुरली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजाडलं की दुसरा नाहीच. मीच एक मागवला होता. मागवताना मजेत होते, काल लेगोसच्या गाडीने खोकं आलं तेव्हाही शेजारणीशी हसून बोलले. पण हाताला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या बाईचा हात, रोज औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून देणारा, रिकाम्या खोक्यात मनगटापर्यंत बुडालेला, आणि मी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी बघत उभी. बाहेर हरमॅटन वाऱ्याची धूळ उतरली होती, समोरच्या टेकडीवरची गंजकी छपरं दिसेनाशी झाली होती, वीज गेलेली, शेजारचा जनरेटर धडधडत होता. या कोरड्या वाऱ्यात ओठ फुटतात, टाचा फुटतात. घाम कुणाला फुटत नाही. मला फुटला.

आमच्यात जुळ्यांच्या घरात कुठलीच वस्तू एकटी येत नाही. एकाला चप्पल तर दुसऱ्याला चप्पल, एकाला फणी तर दुसऱ्याला फणी, आणि दुसरं मूल या जगात नसलं तरी त्याचा वाटा चुकवायचा नाही. उलट तेव्हा जास्तच सांभाळायचा, कारण इथलं मूल रुसलं तर भोकाड पसरून मोकळं होतं, तिकडचं रुसलं तर काय करील सांगता येत नाही. माझं नाव केहिंदे, म्हणजे मागून आलेली. टाइवो माझ्याआधी जन्मला, तरी मोठी मीच. आमचे लोक म्हणतात, पोटातल्या मोठ्याने धाकट्याला पुढे धाडलेलं असतं: जा रे, जग कसं आहे चाखून बघ, बरं असेल तर रड, मग मी येते. टाइवो रडला. मी आले. आम्ही सहा वर्षांचे असताना घरात गोवर शिरला, दोघंही एकाच चटईवर तापाने फणफणलो, आणि तेव्हाही तोच पुढे गेला. या खेपेला मी मागोमाग गेले नाही. धाकट्याला पुढे घालून आपण मागे राहणाऱ्याला काय म्हणतात, ते मला कुणी शिकवावं लागलं नाही.

उद्या सकाळी आमचा हौशी फोटोवाल्यांचा गट इडान्रेच्या डोंगरावर निघणार आहे. चार दिवस सुट्टी, खडक, धुकं, डोंगरावरचं जुनं ओसाड गाव, आणि फोटोच फोटो. गटाचे पुढारी फासासीसाहेब, निवृत्त भूमापक, सकाळी त्यांचा फोन आला. "केहिंदेबाई, पायऱ्या चढून चढून जीव जाणार आहे. म्हणून सगळ्यांना सांगतोय. एक माणूस, एक कॅमेरा. मागच्या वेळेसारखं लग्नाचं वऱ्हाड घेऊन येऊ नका." मागच्या वेळी ओशोग्बोला मी दोन सारखे कॅमेरे घेऊन गेले होते. एकाने फोटो काढले, दुसरा दिवसभर गळ्यात नुसता लोंबकळला. लोकांना वाटलं हिला मिरवायची हौस. फासासी तर इथलेच. माझं नाव केहिंदे हे त्यांना ठाऊक, आणि केहिंदे म्हटलं की कुठे तरी टाइवो असणारच हेही ठाऊक. तरी ते सहज म्हणाले, एक माणूस. आणि मी, लाज वाटायला हवी मला, फोन ठेवून गाणं गुणगुणत बॅग भरायला घेतली.

मेला असं आम्ही जुळ्याबद्दल तोंडाने म्हणत नाही. लेगोसला गेला म्हणायचं. लहान असताना मला ते खरंच वाटायचं. लेगोसहून येणाऱ्या गाड्या नाक्यावर थांबायच्या तेव्हा मी काकूच्या टपरीमागे उभी राहून उतरणारी पोरं न्याहाळायची. पुढे औषधशास्त्राच्या परीक्षेसाठी पहिल्यांदा लेगोसला गेले. तोवर सगळं समजत होतं, आणि तरी त्या पुलाखालच्या गर्दीत मी माझ्या उंचीची माणसं शोधत होते. त्याच लेगोसात कॅमेऱ्यांचं दुकान चालवणारा चिकेलू नावाचा दुकानदार मला वर्षानुवर्षं ओळखतो. त्याला फोन केला तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "नेहमीसारखे दोन ना, बाई?" मी म्हटलं, "एकच." तो म्हणाला, "बरं. नायरा घसरलाय, सगळेच हात आखडतायत." मीही "हो ना, काय करणार" म्हटलं. नायराचा काही संबंध नव्हता. तो शब्द मला तोंडात धरून ठेवावासा वाटला होता. एकच. आयुष्यात कधी उच्चारलाच नव्हता. त्या रात्री मी केळ्याचे काप तळले, पोटभर खाल्ले आणि गाढ झोपले. अपराधी वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. ते सगळं आज हाताच्या वाटेने आलं.

आता पलंगावर तीन कॅमेरे होते. नवा. माझा जुना, ज्याची पकडीची रबरी पट्टी सुटून मी दोनदा चिकटवलेली आहे. आणि टाइवोचा जुना, माझ्या जुन्याचा जोडीदार, कोऱ्या पट्ट्याचा, ओरखडा नसलेला. कपाटात त्याचा खण वरचा, माझा खालचा. नवा एकटाच न्यावा तर फासासी खूश, मी खूश, आणि इडान्रेच्या पहिल्याच पायरीवर माझा पाय मुरगळणार हे नक्की. जुनी जोडी न्यावी तर नवा घेतला कशाला? नवा मला आणि जुना टाइवोला, हे तर जुळ्यांच्या घरात पापच: एकाला ताजं आणि एकाला शिळं. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी नवा बॅगेत घातला, काढला. जुने दोन घातले, चेन लावली, चेन उघडली. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मग टाइवोचा कॅमेरा खिडकीशी नेऊन भिंग उजेडात धरलं, आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी पसरलेली दिसली. कॅमेरा वापरला नाही की पावसाळ्यात असंच होतं. त्याला ऊन लागतं, हात लागतो. मी वरच्या खणाची धूळ तेवढी पुसत आले होते, भिंगाचं झाकण काढून आत बघितलं नव्हतं. त्याचा वाटा न चुकता ठेवला आणि न चुकता सडू दिला.

आणि दुपारी आई येणार होती. मी कुठेही जायला निघाले की ती चवळी वाटून पानांत उकडलेलं मोईन-मोईन करून आणते, जुळ्यांना चवळी आवडते म्हणून, आणि जे सामान न्यायचं ते जोडीने टेबलावर मांडायला लावते. एक हात एकावर, दुसरा हात दुसऱ्यावर ठेवते आणि प्रार्थना म्हणते. तिच्या आजीचीही जुळी होती. त्यातलं एक लेगोसला गेलं तेव्हा आजीने लाकडाची बाहुली कोरून घेतली आणि ती मरेपर्यंत कमरेच्या वस्त्रात खोचून हिंडवली, तिला न्हाऊ घातलं, जेवू घातलं. आई चर्चची. ती लाकडाला हात लावणार नाही. तिने फोटो काढून घेतला.

तो फोटो आईच्या बैठकीत रेडिओच्या वर टांगलेला आहे. दोन मुलं शेजारी शेजारी बसलेली, मध्ये उंच तिपाई, तिच्यावर कागदाची फुलं. डावीकडे फ्रॉक घातलेली केहिंदे, उजवीकडे शर्ट आणि अर्धी चड्डी घातलेला टाइवो. दोन्ही मीच. टाइवोचा वेगळा फोटो नव्हता. नाताळात काढू म्हणाले होते, गोवर त्याआधी आला. गोवरात आमचे दोघांचेही केस भादरले होते, त्यामुळे काम सोपं झालं. म्हाताऱ्या फोटोवाल्याने भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा लावला, मला फ्रॉकमध्ये डावीकडे बसवलं, मग आईने पिशवीतून टाइवोचा शर्ट काढला आणि मला तो घालून उजवीकडे बसवलं, आणि पुठ्ठा दुसऱ्या बाजूला सरकवला. "आता भावासारखी बस हं, बाळ," म्हातारा म्हणाला. मी हनुवटी वर केली आणि खिशात हात घातला. माझ्या फ्रॉकला खिसा नव्हता. टाइवो मला त्याच्या खिशाला शिवूही द्यायचा नाही. माझी बोटं आत गेली आणि एक भाजलेला शेंगदाणा हाताला लागला. त्याचाच, त्याने नंतरसाठी ठेवलेला. म्हातारा काळ्या कापडाखाली शिरला तेवढ्यात मी तो तोंडात टाकला. म्हणून फोटोत टाइवोचा गाल जरा फुगलेला आहे. येणारे-जाणारे म्हणतात, पोरगा अंगाने भरलेला होता हो तुमचा. तिपाईच्या मधोमध, जिथे दोन अर्धे जुळले आहेत, तिथे केसाएवढी काळी रेघ आहे. ती एकदा दिसली की नंतर दुसरं काही दिसत नाही. मी टाइवोचा चेहरा आठवायला जाते तेव्हा दर वेळी मीच येऊन बसते, तोंडात त्याचा शेंगदाणा घेऊन. त्याचा खरा चेहरा मी पुसला. तिथे जागा रिकामी ठेवली असती तर निदान तो रिकाम्या जागेत तरी राहिला असता.

जिन्यावर आईचा आवाज आला तशी मी नवा कॅमेरा उचलून उशीखाली कोंबला. जुने दोन बाहेरच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, माझ्या जुन्याची सुटलेली पट्टी भिंतीकडे वळवली. चोरी करताना माणूस किती नीटनेटका होतो.

"अक्का, दार उघड. तुझ्या आईचं मोईन-मोईन माझ्या गाडीच्या सीटवर सांडलंय." ही इडोवू, आमच्या पाठची. जुळ्यांच्या पाठचं मूल हट्टी आणि तोंडाळ असतं म्हणतात, आणि इडोवूने त्या म्हणण्याला कधी खाली पाहायला लावलं नाही.

"सांडलं नाही गं, एक पान फुटलं," आई आत येता येता म्हणाली. सगळी आळी तिला इया इबेजी म्हणते, जुळ्यांची आई. जुळ्यांतलं एकच हाताशी उरलेलं असताना बाजारात, चर्चमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे जुळ्यांची आई. ती बसली, धाप ओसरू दिली, आणि नेहमीप्रमाणे दोन बशा मागितल्या. दोन्हींत पान सोडून एकेक वडी ठेवली, एक माझ्यासमोर, एक माझ्या शेजारच्या खुर्चीसमोर.

"आणि मी?" इडोवू म्हणाली.

"तू पातेल्यातलं घे."

"बघितलंस अक्का? या घरात लेगोसला गेलेल्याला नवीन बूट, नवीन बशी, आणि इथे धडधडीत बसलेलीला पातेलं. मी उगीच मागून आले. तुमच्या मध्ये घुसायला हवं होतं." ती हसत आत गेली, हात धुवायला.

आईने डोक्याचं फडकं सारखं केलं, टेबलावरच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर एकेक हात ठेवला आणि डोळे मिटले. देवा, रस्त्यावर गाडी घसरू देऊ नको, डोंगरावर पाय घसरू देऊ नको, जशी दोघं घरातून जातील तशी दोघं घरी आण. मी डोळे उघडेच ठेवले होते. तिची बोटं टाइवोच्या कॅमेऱ्यावर होती, बुरशीच्या वर. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आई, तो आतून गेलाय, तू कशावर हात ठेवून काय मागते आहेस.

"अक्का, नवा घेतलास?" इडोवू झोपायच्या खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात रिकामं खोकं होतं. "बोलली नाहीस काही."

आईने डोळे न उघडता "आमेन" म्हटलं आणि प्रार्थना होती तिथेच आवरली. "दाखव."

मी उशीखालून नवा कॅमेरा आणला. आईने तो मांडीवर घेतला, उलटसुलट केला, बघितला आणि मान वर केली. "ह्याचा दुसरा कुठाय?"

काय काय सांगता आलं असतं. मागून येतोय. दुकानात संपला होता. नायरा घसरलाय. जीभ सगळ्यांत सोप्या वाटेने गेली. मी म्हटलं, "विसरले गं."

आईचे हात थांबले. "विसरलीस?" तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "टाइवोला विसरलीस?" ती रागावली असती तर मी निभावून नेलं असतं, आयुष्यभर तिच्या रागावर पोसलेली आहे मी. ती रागावली नाही. ती घाबरली. उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली. मग मानेला. मग कानामागे, जिथे गोवराचे पहिले ठिपके येतात. पन्नाशीच्या बाईच्या कानामागे ती म्हातारी ठिपके शोधत होती, आणि तिची बोटं गार पडली होती.

"आई, नाही. थांब. विसरले नाही मी." मी तिचा हात धरला. "मुद्दाम एकच घेतला. दुकानदाराने विचारलं दोन का, मी म्हटलं एक. मला एकदा तरी एकटीचं काही हवं होतं. मला लाज वाटते, पण हवं होतं."

आई दमून शेजारच्या खुर्चीवर बसली, टाइवोच्या. "मग असं सांग की. जीव घेतलास माझा." तिने त्याची बशी थोडी बाजूला सरकवली. "मुद्दाम एक घेणाऱ्याला दुसरा आठवलेला असतो. त्याचं काही नाही. विसरलं की तो रुसतो. आणि रुसला की बोलावून घेतो."

"पण त्याचा वाटा—"

"त्याचा वाटा, त्याचा वाटा. तुला काय वाटलं, ते बूट, त्या फण्या, हे कॅमेरे मी त्याच्यासाठी घ्यायला लावत होते? लेगोसला गेलेल्या पोराला कशाला लागतात गं बूट? तुझ्यासाठी चाललं होतं सगळं. त्याचे हात भरलेले असले म्हणजे तुझा हात धरायला मोकळे राहत नाहीत. दोघं गेली असती तर मी कुणाची आई राहिले असते?" ती हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसत म्हणाली, "ते शेंगदाणेसुद्धा त्याचसाठी."

"कुठले शेंगदाणे?"

"फोटोतले. त्याचा गाल बघत नाहीस का कधी? तापातून उठलेलं पोर, सकाळपासून पोटात काही नाही, भावाचा शर्ट बघून रडशील म्हणून मी खिशात दोन दाणे टाकून ठेवले होते. तू एकच खाल्लास. दुसरा त्याच्यासाठी ठेवलास. शर्ट धुताना मला सापडला." तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "तेव्हाच म्हटलं, पोरगी शहाणी आहे. हिला तो ओढून नेणार नाही."

दुसरा दाणा मला लागलाच नव्हता. मी एक उचलला आणि हात बाहेर काढला, पुन्हा आत घातला नाही, चाचपलं नाही. लागला असता तर तोही खाल्ला असता. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण आईचा हात गुडघ्यावर होता आणि तो आता गरम झाला होता. मी तोंड मिटलं. त्या दाण्याची चव अजून तशीच होती, थोडी करपलेली.

आई उठली. "नवा टाइवोला. तो धाकटा, धाकट्याला नवं. तू जुना घेऊन जा आणि काय काय बघितलंस ते येऊन सांग. नेहमी त्यालाच पुढे पाठवतेस, या वेळी तू हो पुढे. परत आलीस की मग बघू हा कुणाचा ते."

"तिची बॅग हलकी, फासासीचं काम झालं," इडोवू म्हणाली. "आणि मला?"

"तुला खोकं."

आईने नवा कॅमेरा उचलला, कमरेला गुंडाळलेल्या इरोची गाठ सैल केली आणि तो कमरेशी वस्त्रात खोचून गाठ पुन्हा आवळली. अगदी तिच्या आजीसारखा. तिच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. इडोवू म्हणाली, "आई, पडेल तो. महागाचा आहे." आई म्हणाली, "याच गाठीतून तुम्ही तिघं कधी पडला नाहीत, हा कसा पडेल?" आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.

मी टेबल आवरलं. टाइवोच्या बशीतली वडी खाल्ली, कारण ती टाकत नाहीत. भिंगाचं काळं झाकण टेबलावरच राहिलं होतं. ते घेऊन मी गॅलरीत धावले, पण हाक मारली नाही. खाली धुळीत इडोवू गाडीचं दार उघडून उभी होती, आई वळून वर बघत होती, आणि तिच्या कमरेच्या गाठीतून ते उघडं भिंगही वर बघत होतं, कोरं, बुरशी न लागलेलं. मी हात हलवला. आईला वाटलं तिलाच, आणि तिनेही हलवला.